साखरेचा आकडा उतरला, पण इन्सुलिनचं काय?

भात, बटाटा, साखर बंद केली की ग्लुकोमीटरवरचा आकडा थोड्याच दिवसांत खाली येतो. माणूस खूश होतो. महिनाभराने कुठेतरी पोटभर भात खाल्ला जातो आणि आकडा पुन्हा जुन्या जागी. मग दोष भाताला जातो. खरं तर मधल्या काळात साखर चढवणारं अन्न पोटात गेलं नव्हतं, एवढंच झालेलं असतं. इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, होता तिथेच असतो.

जेवल्यावर साखर किती उसळते हा एक प्रश्न. ती आवरायला शरीराला किती इन्सुलिन खर्चावं लागतं, हा दुसरा. दोन्हींवर आहाराचा इलाज आहे, पण तो एकच नाही. बहुतेक सल्ले पहिल्यापाशीच थांबतात.

निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी सगळं मिळून साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं, जेमतेम एक चमचा. ६० ग्रॅम कार्बचं (कार्बोहायड्रेट, म्हणजे स्टार्च आणि साखर) जेवण म्हणजे त्याच्या बारापट. ते दोन-तीन तासांत स्नायूंत आणि लिव्हरमध्ये जिरवायचं असतं आणि त्यासाठी इन्सुलिन लागतं. या पेशींमध्ये चरबी साठली की इन्सुलिनचा निरोप नीट पोचत नाही. स्नायू ग्लुकोज कमी ओढतात आणि लिव्हर, थांबायला सांगितलेलं असूनही, स्वतःचं ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. स्वादुपिंड त्यावर जास्त इन्सुलिन काढून वेळ निभावतं, कधी कधी वर्षानुवर्षं. तोवर साखरेचा रिपोर्ट नॉर्मलच येतो.

म्हणून दोघांची उपाशीपोटीची साखर ९२ (mg/dL, पुढेही हेच एकक) असली तरी गोष्ट एक नसते. उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले साखर भागिले ४०५ हा होमा-आयआरचा, म्हणजे रेझिस्टन्सच्या अंदाजाचा, हिशोब. पहिल्याचं इन्सुलिन ५ असेल तर उत्तर १.१ येतं, दुसऱ्याचं १८ असेल तर ४.१. याची सीमारेषा लॅबप्रमाणे बदलते, त्यामुळे एकाच लॅबमधला आपलाच जुना आकडा ताडून पाहणं सगळ्यात उपयोगाचं. वाढलेली कंबर, चढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि मानेवर काळसर, मखमली होत गेलेली त्वचा या खुणा इन्सुलिन तपासण्याच्या आधीपासून दिसत असतात.

साखरेच्या रेषा मात्र ठरलेल्या आहेत. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस. १२६ किंवा ६.५ पासून पुढे डायबेटिस, तोही लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीने पक्का केलेला.

आता आधी सांगायची गोष्ट आधीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला इन्सुलिन काढायला लावणारी गोळी चालू असेल तर कार्ब अचानक निम्मे करू नका. डोस तोच राहिला आणि कार्ब घटले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तेव्हा १५ ग्रॅम साखर पाण्यात घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कडक लो-कार्ब किंवा लांब उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत. त्यात साखर फारशी न वाढताही किटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा जिवावरचा प्रकार) होऊ शकतो, आणि मीटर नॉर्मलच्या आसपास दिसतं म्हणून तो ओळखायला उशीर होतो. किडनीचा आजार असेल तर पुढे दिलेला प्रोटीनचा हिशोब तुमच्यासाठी नाही.

ताटातला हिशोब

किचनचा वजनकाटा काढा. दोन आठवडे पुरे, नंतर नजर बसते. सगळ्यात जास्त घोळ कच्च्या आणि शिजलेल्या वजनात होतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास ८० ग्रॅम कार्ब असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८. 'शंभर ग्रॅमच भात खातो' म्हणणाऱ्याने नक्की काय तोललं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅमला २० कार्ब, ब्रेडच्या स्लाइसमध्ये १५ च्या आसपास, पाव लिटर दुधात १२. सुरुवातीला एका जेवणाला ३० ते ४५ ग्रॅम कार्ब धरावेत असं माझं मत. शून्यावर जाण्याची गरज बहुतेकांना नसते, आणि शून्य फार दिवस टिकतही नाही.

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे एखादा पदार्थ साखर किती वेगाने चढवतो याचा आकडा, १९८१ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने मांडला. उपयोगी आहे, पण तो ठरावीक कार्बवर मोजलेला असतो, तुमच्या वाटीवर नाही. कलिंगडाचा इंडेक्स ७० च्या वर, तरी १२० ग्रॅम फोडींत कार्ब जेमतेम ६ ते ९ ग्रॅम. घाबरायचं कारण नाही. उलट इंडेक्स कमी म्हणून दुप्पट खाल्लेला पास्ता व्हायचं ते नुकसान करतोच.

इंडेक्सपेक्षा पदार्थाचं रूप जास्त बोलतं. अख्खं धान्य, त्याचा रवा आणि त्याचं बारीक पीठ यांत कार्ब तेवढेच, पण दळताना पोटाचं काम चक्कीने करून ठेवलेलं असतं. ओट्सचंही तसंच: जाड चिरलेले हळू पचतात, झटपट पाकिटातले भरभर. संत्रं चावून खाल्लं तर १५ ग्रॅमच्या आत भागतं, पाव लिटर रस दोन घोटांत २५ च्या पुढे नेतो. 'शुगर फ्री' बिस्किटाच्या पाकिटावर साखरेची ओळ न बघता एकूण कार्बोहायड्रेटची ओळ बघा. त्यात मैदा आहे, बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिनही (स्टार्चपासून केलेली पावडर), आणि ते साखरेपेक्षा वेगाने चढतं.

प्रोटीन दर जेवणाला २५-३० ग्रॅम. शिजवलेलं चिकन १०० ग्रॅम घेतलं की जमलं; एका अंड्यात ६ ग्रॅमच असतात, म्हणजे दोन अंड्यांनी काम होत नाही. शिजलेली मसूर १५० ग्रॅम घेतली तर प्रोटीन १३ ग्रॅम, पण कार्बही ३०. कडधान्य दोन्ही रकान्यांत मांडायचं असतं. वरणही प्रोटीन म्हणून आणि भात वेगळा, असं मोजलं की हिशोब चुकतो. तरी त्या मसुरीतल्या १२ ग्रॅम फायबरमुळे कडधान्याचे कार्ब भाताच्या कार्बपेक्षा कितीतरी सौम्य वागतात.

कमी कष्टात जास्त फायदा देणारी युक्ती म्हणजे खाण्याचा क्रम. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजने २०१५ मध्ये टाइप २ डायबेटिसच्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. आधी भाज्या आणि प्रोटीन, पंधरा मिनिटांनी कार्ब, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्के कमी आली. माणसं थोडी होती, पण कारण समजण्यासारखं आहे: जठर हळू रिकामं होतं. घरी करायचं तर सॅलड आणि अंडं, मासा किंवा कडधान्य आधी संपवा, दहा मिनिटं थांबा, मग भात. पंचाईत एवढीच की सॅलड वाढवून भात तेवढाच ठेवला की लोकांना वाटतं काम झालं.

इसबगोलाचंही काम हेच. ५ ग्रॅम एका पूर्ण ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. ढवळून बाजूला ठेवलं तर पाच मिनिटांत त्याची जेली होते आणि चमचा वळेनासा होतो. ही जेली पोटात व्हायला हवी, घशात नव्हे; म्हणून कोरडं कधीच तोंडात टाकू नये. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषधही त्यात अडकतं.

भात शिजवून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो. परिणाम माफक आहे. त्याच्या भरवशावर एक वाटी जास्त घेऊ नका. भात ओट्यावर चार तास निवत ठेवायचा नाही, त्यात बॅसिलस सिरियस हा जंतू वाढतो आणि त्याचं विष गरम करूनही जात नाही.

मीटर कसं वाचायचं

हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुकतं फळ सोललेल्या बोटातून घेतलेला थेंब सहज पन्नास-शंभरने फसवतो. सुई बोटाच्या मधोमध न लावता कडेला लावा, दुखतं कमी. घड्याळ पहिल्या घासापासून लावा, शेवटच्या नव्हे. जेवणाआधी, एका तासाने, दोन तासांनी असे तीन आकडे घ्या. मीटरला साधारण १५ टक्के चुकण्याची मुभा असते, म्हणजे १४० दिसले तर खरे ११९ ते १६१ यांत कुठेही. एका आकड्यावरून पदार्थाला फाशी देऊ नका. तेच जेवण दोन-तीनदा मोजा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. भरपूर तूप, चीज किंवा तळण असलेल्या जेवणात साखर तीन-चार तासांनी चढते. दोन तासांचा सुंदर आकडा तिथे काहीच सांगत नाही.

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटं चालणं हा आहाराचाच भाग धरा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज ओढतो.

रेझिस्टन्सवरचा इलाज

इथवर सगळं उसळी कमी करणारं. मूळ रेझिस्टन्स उतरवायला जादा वजन असलेल्यांना लिव्हरमधली चरबी उतरवावी लागते, आणि त्यासाठी एकूण कॅलरी कमी कराव्या लागतात. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ मध्ये आले: प्रीडायबेटिसच्या टप्प्यावरची ३,२३४ माणसं, ध्येय वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. ब्रिटनच्या डायरेक्ट अभ्यासात (२०१७) टाइप २ असलेल्यांना देखरेखीखाली काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होते, १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. हे घरच्या घरी करायचं काम नाही, पण वजन किती जोर लावतं ते यातून कळतं.

मीटरला न दिसणाऱ्या कॅलरी इथेच पकडायच्या असतात. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी, मूठभर बदाम-अक्रोड १८०. दोन्हींनी साखर हलत नाही, म्हणून लो-कार्ब खाणारे ते मोजतच नाहीत आणि वजन अडून बसतं. लिव्हरवर चरबी चढवण्यात साखरेची पेयं, दारू आणि जास्तीची संपृक्त चरबी पुढे. मध आणि ब्राउन शुगर यांना वेगळी वागणूक द्यायचं कारण नाही.

उपाशीपोटीची साखर बहुतेकदा शेवटी उतरते, कारण ती लिव्हरच्या हातात असते आणि पहाटेची हार्मोन्स तिला आणखी ढकलतात. जेवणानंतरचे आकडे सुधारलेत आणि सकाळी ११० दिसतंय, तर रात्रीचा घास आणखी कापू नका. झोप बघा आणि वजन उतरू द्या. एचबीए१सी तीन महिन्यांआधी परत करू नका. लोह कमी असेल तर तो खोटा चढा येतो. आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी असेल तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब खा. लो-कार्बवरून थेट गेलात तर शरीराची सवय मोडलेली असते आणि नसलेला डायबेटिस कागदावर येतो.