पुढची तारीख

माझ्या वर्गातला पाचवीचा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात महिनाभर तापाने फणफणत होता. टायफॉईड समजून त्याला औषधे दिली जात होती. हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि पायांवर निळसर डाग उमटले, तेव्हा कुठे रक्ताची तपासणी झाली आणि यवतमाळहून त्याला नागपूरला पाठवण्यात आले. निदान रक्ताच्या कर्करोगाचे होते.

दिवाळीला तो घरी आला, तेव्हा तपासणीत रोगाच्या पेशी दिसत नव्हत्या. त्याच्या आजीने मला विचारले, "पोरगं तं आता खेळून रायलं, बाई, मंग नागपूरले कायले न्या लागते?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. कापूस वेचणीचे दिवस होते, आणि उपचारांचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला तरी सोबत जाणाऱ्या आईची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? मात्र मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या या ल्युकेमियात पहिल्या महिन्याच्या औषधांनी रोग दिसेनासा झाला, तरी काही पेशी शरीरात दडून राहतात, म्हणून उपचार दोन ते तीन वर्षे चालवावे लागतात. ते मध्येच सोडले तर रोग बहुधा उलटतो, आणि उलटलेला रोग बरा करणे फार कठीण असते.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्केही होत नाहीत. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. उशिरा होणारे निदान आणि औषधांचा तुटवडा यांच्याइतकेच अर्धवट सुटलेले उपचारही या तफावतीला कारणीभूत आहेत, हे मला त्या आजीच्या ओसरीवर बसून नीट कळले.

तिच्या अंगणात सदाफुली फुलली होती. या आजारावर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध त्याच झाडापासून मिळते, हे मी तिला सांगितले. आणि पाने घरी वाटून देऊ नका, ती विषारी असतात, हेही लगेच बजावले, कारण मधुमेहासाठी ती चावून खाणारे लोक आमच्या गावात आहेत.

त्या आठवड्यात आशाताई आणि मी मिळून पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा कालनिर्णयवर लाल शाईने लिहिल्या. ज्या दिवशी आई नागपूरला जाते, त्या दिवशी शेजारच्या दोघीजणी आपली वेचणी आटोपून तिच्या वाट्याच्या ओळी वेचतात आणि मजुरी तिच्या नावावर लावतात. आतापर्यंत एकही तारीख चुकलेली नाही. अजून सुमारे दोन वर्षांच्या तारखा बाकी आहेत.