आधी तक्ता, मग फॉर्म

संगणकावर नोंदी सुरू करायचं ठरलं तेव्हा प्रोग्रामर पोरगा विचारायला लागला, "सर, कोणकोणते रकाने टाकू?" म्हटलं, रकान्यांचं राहू दे. तिमाहीअखेर तक्त्यात मला काय मोजायचंय ते आधी लिहून घे.

आमचं रुग्णालय वर्धा जिल्ह्यातलं, लहानसंच. बीपीचे पेशंट भरपूर. किती तपासले, किती गोळ्या वाटल्या, हे दर महिन्याला बिनचूक वर जायचं. बीपी आटोक्यात कितींचा, असं विचारलं की मात्र केसपेपरचे गठ्ठे सोडायचे. म्हणून प्रश्न ठरवला: मागच्या तिमाहीत नोंदवलेल्यांपैकी कितींचा बीपी या तिमाहीतल्या शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता? नवीन काही नाही. २०१७ पासून चाललेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही साधारण असंच मोजतात.

प्रश्न पक्का झाल्यावर फॉर्म आपोआप घडत गेला. वरचा आणि खालचा आकडा वेगळ्या रकान्यांत, कारण मधे तिरकी रेघ आली की संगणकाच्या लेखी ते नुसतं अक्षर. रकाना रिकामा असेल तर बीपी घेतलाच नाही की लिहायचा राहिला? म्हणून 'मोजला नाही' अशी वेगळी खूण. सिस्टर तर आमच्यापेक्षा कडक निघाल्या. बाजाराच्या दिवशी ओपीडीची रांग फाटकापर्यंत जाते. त्यांनी शिक्षण, व्यवसाय, आहार सगळं काढायला लावलं. "जे तक्त्यात जात नाही ते मी भरणार नाही," एवढंच बोलल्या.

खरी डोकेदुखी न आलेल्यांची. ओपीडीची नोंद आलेल्यांचीच असते, त्यामुळे तेवढेच मोजले तर निकाल छान दिसतो. आम्ही यादी नोंदणीवरून काढली आणि 'बीपी वाढलेला' व 'आलेच नाहीत' असे दोन गट केले. दिवाळीनंतर दुसरा गट फुगला. एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कापूस येचाले जातो जी, गोया न्याले कवा येऊ?" त्यांचं औषध बदलून काय होणार होतं? वेचणीआधीच दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला लागलो. पहिल्या गटाचा इलाज वेगळा: डोस वाढवायचा.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. वारलेल्यांची नावं यादीतून निघत नाहीत आणि आशाताई 'गोळ्या न्यायला या' सांगायला त्यांच्या घरी जाऊन उभ्या राहतात. ती नोंद कोणी करायची यावर सिस्टर आणि संगणकाचा ऑपरेटर एकमेकांकडे बोट दाखवतात.