पेढी, बाक आणि बँक

शुक्रवार, रात्री

काकांच्या हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आणायला आज सांगलीच्या मार्केट यार्डात गेले होते. आमच्या अडत्यांच्या पेढीवर अजून जुनीच बैठक आहे. पांढऱ्या खोळीची गादी, पाठीमागं लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाचं लाकडी डेस्क. कोपऱ्यात संगणक आलाय, पण मालक बसतात गादीवरच. गादीची कड हळकुंडांच्या धुळीनं पिवळी झालेली. पट्टीबरोबर चेक मिळाला आणि तो भरायला मी बँकेत गेले. पेढीवरून बँकेत जाताना हे दोन शब्द डोक्यात जे घुसले, ते अजून निघालेले नाहीत.

पेढी हा शब्द पीठिकेतून आला. पीठिका म्हणजे आसन, बसायची जागा. सराफाची बसायची जागा ती पेढी, आणि मग त्याचा सगळा व्यवहारच पेढी. गादी तशीच, सराफ कट्ट्यातला कट्टाही तसाच. आणि बँक? मध्ययुगात इटलीतल्या शहरांत नाणी बदलून देणारे सराफ बाजारात बाक टाकून बसायचे. त्या बाकाला तिथं म्हणत ‘बांका’. त्याचंच पुढं बँक झालं. फ्लॉरेन्सच्या सराफानं आणि आमच्या वखारभागातल्या व्यापाऱ्यानं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तरी दोन्हीकडच्या लोकांनी पैशाच्या धंद्याला नाव दिलं ते बैठकीचंच! मला याचा फार आनंद होतो. ब्लड बँकेला ज्यानं कुणी पहिल्यांदा रक्तपेढी म्हटलं, त्याला मनापासून नमस्कार.

दिवाळखोराचा बँकरप्ट याच घरातला. इटालियनमध्ये ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेला बाक. विश्रामबागेत लग्नाचे बँक्वेट हॉल झालेत, ते बँक्वेटही मुळात छोटा बाकच.

आपल्या शाळेतला बाक तर सख्खा भाऊ निघाला. तो पोर्तुगीजांच्या ‘बांको’वरून मराठीत आला. इटलीतला बांका, हा बांको आणि इंग्रजांचा बेंच, सगळे एकाच जुन्या जर्मानिक मुळाचे (जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या कुळाचं मूळ). म्हणजे मी वर्गात ‘बाकावर बस’ म्हणते आणि शेजारच्या बाई ‘बेंचवर बस’ म्हणतात, तेव्हा आम्ही दोघी एकाच शब्दाची दोन रूपं वापरत असतो.

राहिला इंग्रजीतला नदीचा बँक, म्हणजे काठ. हा दक्षिणेकडून, इटलीकडून आलेला नाही. इंग्लंडात येऊन वसलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या नॉर्स भाषेतून तो आला, आणि त्याचा अर्थ उंचवटा. खोलात गेलं तर दोन्हींचं मूळ पुन्हा तेच. एक जहाजातून आला, एक व्यापारातून, आणि इंग्रजीत एकाच रूपात शेजारी राहिले.

इथं मात्र आपला काठ निराळा. काठात कडेची कल्पना आहे, म्हणून तो कृष्णेलाही असतो आणि लुगड्यालाही. या दुसऱ्या बँकमध्ये आहे ती उंचीची. म्हणून समुद्रातला वाळूचा उंचवटा बँक, धुक्याची भिंत बँक, आणि वळताना विमान एका पंखावर कलतं, तेही बँक, उतारावर झुकल्यासारखं. कृष्णाकाठची वांगी म्हणताना उंचवटा कुणाच्या मनात येत नाही. मळीतली काळी माती येते.

पैशाच्या बँकेवर परत येते. १९१६ साली निघालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. साताऱ्याची १९३६ची युनायटेड वेस्टर्न त्याच्या आदल्या वर्षी आयडीबीआयमध्ये गेली. काका मात्र चेक भरायला ‘सांगली बँकेतच जा’ म्हणतात, आणि मलाही बरोबर कळतं कुठं जायचं ते.

म्हातारपणी पाठीला येतो तो बाक मात्र वेगळा. तो संस्कृत ‘वक्र’मधून आलेला, पोर्तुगीज बाकाशी त्याचं काही नातं नाही. नववीच्या पोरांना सोमवारी हे दोन्ही बाक फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवायचेत.