तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगा शाळेत का जात नाही

"तुना पोऱ्या शाळामा काबर जात नही वं?" शहाद्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीची वाट बघताना, तीन वर्षं हेच. "तब्येत बरी नसते" म्हणून वेळ मारून नेत आले. आज एकदाचं सांगून टाकते.

माझ्या पोराला सिकलसेल आहे. हा रक्ताचा जन्मजात आजार म्हणजे काय, ते आपल्या भागात सांगायला नको. पण या पोरांना पाणी भरपूर लागतं, कमी पडलं की हाडं-सांधे असह्य दुखायला लागतात, आणि लघवीलाही सारखं जावं लागतं, हे शाळेत कितीदा सांगायचं? डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा दिली होती. चौथीतल्या मार्चमध्ये तरी डायरीत शेरा आला: सारखा उठतो, बाकीची मुलंही उठतात. सर वाईट नव्हते. वर्ग मोठा, वर पत्रे, दहा वाजताच भट्टी.

इथपर्यंतचं सगळ्यांना सांगते. पुढचं नाही सांगत. त्या शेऱ्याखाली सही करताना मीच त्याला म्हटलं, "आज जरा कमी पी. सरांना बोलायला जागा देऊ नको." त्याने ऐकलं. घरी आला तेव्हा बाटली काठोकाठ, बूचही फिरवलेलं नाही. जेवला नाही. दिवेलागणीला मांड्या आवळून ओरडायला लागला. नंदुरबारला नेताना जीप खड्ड्यात गेली की किंचाळायचा, मग किंचाळणंही थांबलं, नुसता माझा दंड धरून होता. पाच दिवस सलाईन. परत आलो तर बाटली ओट्यावर तशीच भरलेली.

जूनमध्ये पाठवलं नाही.

"घरी शिकवायचा कायदा आहे ना?" आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीतला तो हक्क बहुविकलांग आणि तीव्र विकलांग मुलांचा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आलं, पण माझा बऱ्या दिवसांत सायकल पळवतो. त्याला बघून तीव्र कोण म्हणेल? मग मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी दिली. तेरा पूर्ण झाली की आठवी. गणित पपईच्या पट्टीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर: वजन किती, कडता (वजनातली कपात) किती, हातात काय. व्यापाऱ्याने जास्तीचा लावलेला कडता एकदा त्यानेच पकडला. (ही फुशारकी आहे, मारू द्या.) इंग्रजी मात्र मला येतं तेवढंच त्याला येतं, म्हणजे बोंबच.

लग्नाआधी मी बालवाडीत शिकवायचे. पोर गैरहजर राहिलं की "आईच आळशी" म्हणणारी मीच. ती मुलगी आज समोर आली तर म्हणेल, शाळेशी भांडायचं सोडून पोरगा घरी काय बसवलास? तिला काय सांगू? भांडण्याचं बळ नव्हतं हे खरं. की स्वतःची चूक झाकायला घरी ठेवला? तेही असेल.

घरात माठ त्याच्या हाताशी ठेवलाय. अजूनही पेला बुडवण्याआधी माझ्याकडे बघतो. "आई, पिऊ?"