बेलिंगहॅमच्या जुन्या नगरभवनाचे तळघर

मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम या गावी राहते. भारतातून कोणी आले की मी त्यांना आवर्जून प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवरच्या वस्तुसंग्रहालयात नेते. १८९२ साली बांधलेली, लाल विटांची आणि उंच मनोऱ्याची ही वास्तू पूर्वी बेलिंगहॅमचे नगरभवन होती. आई-बाबा आले तेव्हा तिच्यासमोर काढलेला त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. याच इमारतीच्या तळघरात ४ सप्टेंबर १९०७च्या रात्री भारतीय मजुरांना आणून ठेवले होते, हे मला येथे सहा वर्षे काढल्यावर गेल्या महिन्यात प्रथमच कळले आणि तेव्हापासून त्या फोटोकडे पाहवत नाही.

ती माणसे लाकडाच्या गिरण्यांत राबत होती. बहुतेक जण पंजाबातून आलेले शीख होते, तरी येथील वर्तमानपत्रे त्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत. मालक त्यांना कमी मजुरी देत आणि गोऱ्या कामगारांचा राग मालकांऐवजी त्यांच्यावर निघाला. त्या रात्री चार-पाचशे जणांचा जमाव त्यांच्या खोल्यांवर चालून गेला, खिडक्या फोडल्या, झोपलेल्यांना बिछान्यातून ओढून काढले आणि त्यांचे पैसे लुटले. पोलिसांनी जमावाला आवरले नाही, नगरभवनाचे तळघर मात्र उघडून दिले. हे मजुरांच्या संरक्षणासाठी केले, असे सांगितले गेले आणि ते अगदीच खोटे नसेलही. पण ज्यांची घरे फुटली त्यांनी रात्र तळघरात काढावी आणि फोडणाऱ्यांनी आपापल्या घरी जाऊन झोपावे, याला संरक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. थोड्याच दिवसांत ती सगळी माणसे गाव सोडून गेली, काही कॅनडात, काही कॅलिफोर्नियाकडे. शिक्षा कोणालाही झाली नाही.

'ते मजूर होते, आपण शिकून, रीतसर नोकरी घेऊन आलो आहोत,' असे एक मराठी स्नेही म्हणाले. खरे सांगायचे तर माझ्याही मनात आधी तेच आले होते. परंतु त्यानंतरच्या काही वर्षांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच किनाऱ्यावरच्या राज्यांत शेतकीचे शिक्षण घेत होते आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या गदर चळवळीसाठी अशाच पंजाबी कामगारांमध्ये वावरत होते. त्यांना ही माणसे परकी वाटली नाहीत. मग मला का वाटावीत?

या गावाचे एक मात्र मला मनापासून मान्य आहे. शंभर वर्षांनी, २००७ साली, येथील वर्तमानपत्राने आपल्या तेव्हाच्या लिखाणाबद्दल माफी मागितली आणि २०१८ साली शहराच्या मध्यभागी लाल ग्रॅनाइटची कमान उभी राहिली. १८८५ साली हाकललेले चिनी, १९०७चे भारतीय आणि १९४२ साली छावण्यांत पाठवलेले जपानी, अशा तिघांची ती आठवण आहे. रविवारी सकाळी मी बराच वेळ त्या दगडावर हात ठेवून उभी होते. रात्रीच्या पावसाने तो अजून ओला होता.

आपल्याकडे अशी कमान कुठे असेल, असा विचार आला आणि २००८ साल आठवले. त्या फेब्रुवारीत हल्ल्यांच्या भीतीने नाशिकहून उत्तर भारतीय कामगार मिळेल त्या गाडीने परत निघाले होते आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मारहाण झाली होती. मी तेव्हा भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांच्या बाजूने तावातावाने बोलत असे. स्थानिकांना काम मिळावे, ही मागणी मला आजही रास्त वाटते आणि ती करणारा प्रत्येक जण १९०७च्या जमावातला होता, असे मी म्हणणार नाही. तरीही भरलेल्या गाड्यांची ती दृश्ये दूरदर्शन संचावर पाहताना मी एकदाही विचारले नव्हते की, ही माणसे रात्री कुठे झोपली असतील.

उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ येथे येणार आहे. २००८ साली तो नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात होता. त्याला नगरभवनासमोर उभे करून फोटो काढण्याआधी मला विचारायचे आहे की, त्या आठवड्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावर कोण काम करीत होते आणि ते परत आले का.