गोलीचं नाव पहिलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. गोव्याच्या साळगावकर फुटबॉल क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, असं कुणी विचारलं की मी ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव घेतो, म्हणजे गोलीचं, गोलरक्षकाचं. त्यावर पुढचा प्रश्न गेली वीसेक वर्षं ठरलेला आहे: "आणि ब्रुनो?" म्हणजे गोल करणारा ब्रुनो कुतिन्हो. लग्नाच्या पंगतीत, फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर, एकदा तर सासऱ्यांच्या बाराव्याला. मला नव्व्याण्णव सालापासून ओळखणारे आणखी एक वाक्य जोडतात: "तेव्हा तर तू ब्रुनोच्या नावाने घसा फोडून घेतला होतास."

होय, घेतला होता. साळगावकरने १९९८-९९ ची नॅशनल लीग जिंकली, गोव्यातल्या क्लबाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आम्ही आठ जण चार मोटारसायकलींवर हिरवे झेंडे लावून अर्धी रात्र फिरलो. त्याच वर्षी ड्युरंड करंडकही आला. ब्रुनो कुतिन्होच्या पायाशी चेंडू आला की माणसं आपोआप उठून उभी राहायची, आणि मी त्यांच्या आधी उठायचो. त्या काळात मला कुणी ब्रह्मानंदचं नाव सांगितलं तर मी म्हणायचो, गोली कितीही चांगला असला तरी तो हरू देत नाही एवढंच. जिंकून देतो तो पुढचा. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की आज ते माझ्यावरच फेकलं जातं, आणि ते रास्तच आहे.

त्या माणसाशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजूनही भांडतो. त्याचा पहिला मुद्दा असा की ब्रह्मानंदने देशाची लीग जिंकली नाही. अरे, नॅशनल लीग सुरूच झाली १९९६ साली. ब्रह्मानंद सत्तरच्या दशकापासून साळगावकरच्या गोलात उभा होता. जी स्पर्धा नव्हतीच ती जिंकली नाही, हा दोष कसा? त्याच्या वेळी देशभरातले क्लब एकत्र यायचे ते फेडरेशन करंडकात, आणि तो करंडक गोव्यात पहिल्यांदा आणला तो साळगावकरनेच, १९८८ साली. पुढच्या वर्षी पुन्हा.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे. ब्रह्मानंदचं मोठेपण सांगताना लोक जे सांगतात त्यातलं बरंचसं हिरव्या जर्सीतलं नाहीच. संतोष करंडक १९८३ मध्ये बंगालबरोबर विभागून मिळाला आणि १९८४ मध्ये गोव्याने तो मद्रासला एकट्याने जिंकला, ती जर्सी गोव्याची होती. ऐंशीच्या दशकात भारताचं कर्णधारपद, ती जर्सी देशाची. प्रश्न क्लबाचा आहे ना? मग क्लबाचं सांग. इथे मी अडखळतो, हे कबूल करतो. कारण क्लबाकडून त्याने काय केलं हे मला आकड्यांत सांगता येत नाही. ब्रुनोचे गोल कुणीतरी मोजलेले असतात. वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचं नाव येतं, कितव्या मिनिटाला केला तेही येतं. अडवलेला चेंडू कितव्या मिनिटाला अडवला, हे कोण छापतं? ऐंशीच्या दशकातल्या, पणजीतल्या कांपाल मैदानावरच्या आणि वास्कोच्या सामन्यांचं चित्रण कुणाच्या घरी आहे? गोलीचं काम संपलं की ते नाहीसं होतं. जो गोल झाला नाही तो दाखवायचा कसा?

ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. युरोपात वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला सोन्याचा चेंडू देतात. तो आजवर एकाच गोलीला मिळाला आहे, रशियाच्या लेव याशिनला, १९६३ साली. त्यानंतर साठ वर्षं उलटली. इतक्या वर्षांत एकही गोली त्या तोडीचा झाला नाही, असं मला कुणी पटवून द्यावं.

पण हे सगळं मी नंतर शोधलं. आधी ठरवलं आणि मग पुरावे गोळा केले. तुम्हाला ते जाणवत असावं, म्हणून तर तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

मे १९८८. मी एकोणीस वर्षांचा, धाकटा भाऊ सोळाचा. आमच्या गावची स्पर्धा कापणी झालेल्या शेतात व्हायची. मेरा, म्हणजे शेताचे बांध, फोडून सपाट केलेली जागा, माडाच्या लाकडाचे खांब, गोलाच्या मागे मासेमारीचं जुनं जाळं. मी पुढे खेळायचो. भाऊ गोली. तो गोली झाला तो ब्रह्मानंदमुळेच. काकांबरोबर कांपालला सामना पाहायला गेला होता तेव्हा तो दहा वर्षांचा असेल. बाकीची मुलं ज्या बाजूला चेंडू त्या बाजूला मान वळवत होती, आणि हा गोलाच्या मागे जाऊन बसला तो सामना संपेपर्यंत उठला नाही. घरी येऊन त्याने मला सांगितलेलं आठवतं: "दादा, तो ओरडत असतो. सगळा वेळ ओरडत असतो. पुढच्यांना सांगतो कुठे उभं राहायचं ते." उडी मारून अडवलेले चेंडू सगळ्यांना आठवतात. दहा वर्षांच्या त्या पोराने जे पाहिलं ते पाहायला मला वीस वर्षं लागली: गोली चांगला असेल तर त्याला उडी मारायची वेळच कमी येते.

त्याचे हातमोजे आईने शिवले होते. जाड कापडाचे, तळव्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. जून महिन्यात वास्कोला एका क्लबाची मुलांसाठी निवड चाचणी होती, त्यासाठी त्याने नाव दिलं होतं.

अंतिम सामना पलीकडच्या वाड्याशी होता. पहिल्या अर्ध्यात मला एक चेंडू मिळाला, समोर फक्त त्यांचा गोली. मी तो खांबावरून आंब्याच्या झाडात मारला. दुसऱ्या अर्ध्यात आणखी एक, त्याहून सोपा, तो नडगीला लागून बाहेर गेला. वळवाची सर येऊन गेली होती. माती वरून ओली आणि खाली टणक, चेंडू कुठे टप्पा घेईल ते सांगता येत नव्हतं. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असताना त्यांच्या एका बॅकने उगाच लांब चेंडू मारला. त्यात काही नव्हतं. भाऊ दोन पावलं पुढे आला, छातीशी घ्यायला वाकला. चेंडूने टप्पा घेतलाच नाही. ओल्या मातीवरून सरकला, त्याच्या हातांखालून, दोन्ही पायांच्या मधून, आणि जाळ्यात गेला. सावकाश गेला. धावत जाऊन अडवता आला असता इतका सावकाश.

मी अर्ध्या मैदानातून धावत गेलो. त्याची कॉलर धरली. सगळा वाडा बघत होता, आमची आई मेरेवर उभी होती. मी म्हणालो, "तुझ्यामुळे हरलो. उद्यापासून गोलात उभा राहिलास तर पाय मोडीन."

तो काहीच बोलला नाही. जाळ्यातून चेंडू काढला, चालत जाऊन मध्यरेषेवर ठेवला आणि परत जाऊन उभा राहिला. उरलेल्या मिनिटांत त्याने एक फटका कोपऱ्यातून काढला. चांगला काढला असावा. मी पाहिला नाही, मी त्याच्याकडे बघतच नव्हतो.

घरी आल्यावर त्याने हातमोजे पडवीतल्या खुंटीला अडकवले. ते पुढच्या पावसापर्यंत तिथेच होते, मग बुरशी धरली म्हणून आईने टाकून दिले. चाचणीला तो गेला नाही. तो गेला नाही हे मला ऑगस्टमध्ये कळलं. मी विचारलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे भावाची भरपाई म्हणून तू ब्रह्मानंदला पहिला नंबर देतोस. असं सरळ नाही ते. त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी ब्रुनोचाच होतो, हे विसरू नका. नव्व्याण्णवच्या त्या रात्री भाऊ माझ्याच मोटारसायकलवर मागे बसला होता, झेंडा त्याच्या हातात होता. त्या रात्री मला त्या शेताची आठवणसुद्धा आली नाही.

आठवण आली ती २००३ च्या सुमाराला, गावातल्या जत्रेत. पलीकडच्या वाड्यातला एक जण भेटला, त्या सामन्यात खेळलेला. हसत म्हणाला, "तुझ्या भावाने पायातून सोडला होता तो, आठवतं?" भोवतालच्या चार जणांना आठवत होतं. त्यातल्या एकाचा तर तेव्हा जन्मही झालेला नसावा, त्याने ऐकून ऐकून पाठ केलं होतं. मी वाट बघत होतो. आता कुणीतरी म्हणेल, आणि तू आंब्याच्या झाडात मारलास तो? कुणी म्हणालं नाही. पंधरा वर्षांत माझे दोन चेंडू गावातून पुसले गेले होते. त्याचा एक तसाच होता.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट सुचली, जी आधी सुचायला हवी होती. गोलीला सगळं मैदान दिसतं. माझे दोन्ही चेंडू त्याने समोरून पाहिले होते. त्याने ते आजवर तोंडातून काढले नव्हते, त्या दिवशी कॉलर धरली तेव्हाही नाही.

त्यानंतर मी सामना वेगळा पाहायला लागलो, एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. गोलीकडे बघायला लागलो. मग मला ब्रह्मानंदच्या काळाचा अर्थ उलगडायला लागला. दीड दशकाहून जास्त काळ एका माणसावर एका क्लबाने ही एकट्याची जागा सोपवली. तीही असल्या मैदानांवर, जिथे चेंडू टप्पा घेईल की सरकेल हे कुणालाच ठाऊक नसतं. पुढचा खेळाडू एका सामन्यात पाच संधी घालवून सहावी साधली की खांद्यावर. गोलीने पाच अडवून सहावी सोडली की तीच त्याची ओळख. त्या हिशेबात जो इतकी वर्षं टिकला तो माझ्या लेखी पहिला. डेरिक परेरा, सावियो मेदेरा, ही माणसंही माझ्या यादीत आहेत, वर आहेत. पण पहिला तो.

ब्रुनो कमी होता असं मी कधीही म्हटलेलं नाही. ब्रुनोला २००१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी पेढे वाटलेत. तरीही सांगतो की ब्रह्मानंदला तो मिळाला १९९७ साली, भारताचं कर्णधारपद सोडून दशक उलटल्यावर. गोलीला थांबावंच लागतं.

आणि एक. तुम्ही हा वाद माझ्याशी इतक्या जिद्दीने घालता याचं मला बरंही वाटतं. २०१६ साली साळगावकरने आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हापासून देशाच्या लीगमध्ये हिरवी जर्सी नाही. या यादीत नवं नाव यायचं तर कुठून येणार? जी आहेत त्यांच्यावरच आपण भांडायचं. म्हणून मला राग आला तरी मी उठून जात नाही.

२०२२ साली ब्रह्मानंदला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी भावाला फोन केला. तो फोंड्यात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. म्हटलं, "बघ, शेवटी मिळाली. तुझ्या माणसाला." त्याला आनंद झाला, आवाजात कळत होता. मग म्हणाला, "पण दादा, साळगावकरचा पहिला ब्रुनोच. तू सगळ्यांना ब्रह्मानंद सांगत फिरतोस ते माझ्या कानावर येतं. ब्रह्मानंद माझा होता. क्लबाचा म्हणशील तर ब्रुनो."

मी वाद घातला. जे वर लिहिलं आहे ते सगळं त्याला ऐकवलं, लीग १९९६ ची, याशिनचं, अर्जुनचं. शेताचं सोडून सगळं. त्याने ऐकून घेतलं. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्याला कुठलासा बेल्ट काढून दिला, आणि परत फोनवर येऊन म्हणाला, "तुझा तो पहिला चेंडू सोपा नव्हता रे. मारताना उसळला होता."

उसळला नव्हता. मला पक्कं आठवतं.