1.3 डिझेल, चढावर ओढ नाही: 5 व्होल्टच्या लाइनचा दोष सापडला, बूस्टचं काम चालू

गाडी 1.3 लिटर कॉमन रेल टर्बो डिझेल. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दिली तरी इंजिन 2,500 आरपीएमच्या आसपास अडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ ठीक चालते. स्कॅनरवर तीन कोड एकदम: पी0642 (सेन्सरचा 5 व्होल्ट पुरवठा लो), पी0107 (मॅप सेन्सर लो), पी0192 (रेल प्रेशर सेन्सर लो).

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची इंजिनची रीडिंग) उतरवून ठेवा, ती पुन्हा मिळत नाही. इथे मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) आणि रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) एकाच क्षणी ‘लो’ दाखवत होते. दोन्ही सेन्सर एकदम मरणं जवळपास अशक्य, आणि पी0642 तर सरळ सांगतो की सामाईक 5 व्होल्टचा पुरवठा खाली गेला आहे. एवढं वाचूनही अनेक ठिकाणी आधी रेल सेन्सर बदलला जातो, ते पैसे वाया जातात.

चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅपचं रीडिंग बघा. ते बाहेरच्या हवेच्या दाबाइतकं हवं: मुंबईत 101 किलोपास्कल, पुण्यात 95 च्या जवळ, महाबळेश्वरला साधारण 86. रेल सेन्सरचा सिग्नल शून्य दाबाला अर्धा व्होल्ट असतो. इथे दोन्ही बरोबर होते, म्हणजे दोष हलल्यावर येणारा. मल्टिमीटर कपलरच्या (सेन्सरच्या वायरच्या सॉकेटच्या) मागच्या बाजूने लावून हार्नेस (वायरचा जुडगा) हलवला, तर 5.0 चे 1.8 व्होल्ट झाले. टेस्ट लॅम्प या लाइनवर कधीच लावू नये, तो जास्त करंट ओढून ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) पुरवठा दाबून टाकतो.

मग एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो. एसीचा प्रेशर सेन्सरही बऱ्याच गाड्यांत याच लाइनवर असतो, तो विसरू नका. सगळे काढूनही हलवल्यावर व्होल्टेज पडत होतं, म्हणजे दोष वायरमध्येच. ईजीआर व्हॉल्व्हजवळच्या (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या) ब्रॅकेटवर घासून इन्सुलेशन गेलं होतं आणि तांबं बॉडीला लागत होतं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून खराब तुकडा कापला, नवी वायर क्रिंप करून आतून गोंद असलेली हीटश्रिंक चढवली. वरून कापडी टेप. पीव्हीसी टेप उष्णतेने सुटते. हार्नेस ब्रॅकेटपासून लांब बांधला. जोड तपासायला कपलर काढून 5 व्होल्ट आणि सेन्सर ग्राउंड यांच्यामध्ये 470 ओहमचा रेझिस्टर लावला. साधारण 10 मिलीअँपिअर वाहतात, आणि व्होल्टेज 0.1 पेक्षा जास्त पडलं तर जोड कच्चा. रिकाम्या कपलरवर 5 व्होल्ट दिसणं पुरेसं नाही, वायरची एकच बारीक तार जोडलेली असली तरी तेवढे दिसतात. शेवटी इंजिन चालू ठेवून सेन्सर ग्राउंड ते बॅटरी निगेटिव्ह मोजा, 50 मिलीव्होल्टच्या आत हवं.

कोड परतले नाहीत, पण ओढ अजून अर्धवट आहे. पूर्ण रेसला ईसीयू बूस्ट (टर्बोने इनटेकमध्ये भरलेल्या हवेचा दाब) 210 किलोपास्कल मागतो, मिळतात 170. इनटेकला 0.7 बार हवा भरून साबणाचं पाणी मारलं. त्याआधी ब्रीदरची (इंजिनच्या आतली वाफ इनटेकला नेणारी) नळी बंद करावी, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, जाते. बुडबुडे टर्बो ते इंटरकूलर या होजच्या खालच्या अंगाला आले. दाबाखालीच उघडणारी चीर, हाताने चाचपून कळत नाही. नवीन होज आला की तोच चढ, तोच गिअर धरून बूस्टची पुन्हा नोंद घ्यायची. तरीही 170 वरच थांबला, तर पुढे वेस्टगेटचा (टर्बोचा बूस्ट मर्यादित ठेवणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर तपासायचा.